न दुखलेला उजेड

माझी मोठी बहीण वेल्डर होती. नागपुरात कुणाला हे सांगितलं की समोरचा विचारतो, ‘बहीण?’ नाचणगावात मात्र त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. पुलगावच्या रस्त्याला तिचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रॉलीचा सांधा उखडला, खिडकीला जाळी बसवायची असली, फाटकाची बिजागरी तुटली की लोक म्हणायचे, ताईच्या दुकानात टाक. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही तिला ताईच म्हणत.

आमची आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. आईनं एकच गोष्ट मनाशी धरली होती, की आपली पोरं वावरात वाकणार नाहीत. मी अभ्यासात बरा होतो, म्हणून माझी वाट ठरल्यासारखीच होती. ताईचं तसं नव्हतं. दहावी झाल्यावर ती आर्वीच्या आयटीआयमध्ये प्रवेशाला गेली. खिडकीतल्या बाबूनं सांगितलं, “शिवणकामाले जागा आहे.”

“मले वेल्डरले पाहिजे.”

“काऊन?”

“शिवणकाम मायी आईनं मले घरीच शिकवलं,” ती म्हणाली. “लोखंड जोडता येत नाई.”

हा प्रसंग आई वर्षानुवर्षं सांगायची, आणि प्रत्येक वेळी शेवटी स्वतःच हसायची. वर्गात ताई एकटीच मुलगी होती. रोज सकाळच्या एसटीनं जायची आणि दिवेलागणीला परत यायची. बाह्यांवर ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली असायची.

सुरुवातीची बरीच वर्षं तिनं हातात धरायच्या काळ्या काचेवर काम केलं. एका हातात ती काच आणि दुसऱ्या हातात रॉड. काच डोळ्यांसमोर आली की पुढचं सगळं काळं होतं. ठिणगी पेटेपर्यंत सांधा कुठे आहे तेच दिसत नाही. म्हणून वेल्डर आधी उघड्या डोळ्यांनी रॉड सांध्याजवळ नेतात आणि मग झटकन काच पुढे घेतात. ते झटकन कधी चुकतं. अशा वेळी डोळ्यांना वेल्डिंग लागते. दिवसा काही जाणवत नाही, पण संध्याकाळी डोळ्यांत मूठभर रेती घातल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. ताई ओसरीवर उताणी पडायची आणि आई तिच्या पापण्यांवर आलूच्या चकत्या ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरं वाटायचं. त्या दुखण्याला आम्ही घरात फार शिव्या दिल्या. ते दुखणं म्हणजे एक राखणदार होता, हे आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मी नागपुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागलो. माझा विषय सांगताना घरी फार अडचण व्हायची. एका सुट्टीत मी ताईला सांगून पाहिलं. दोन काचा घ्यायच्या. त्यांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा, पण डोळ्यांना न दिसणारा एक थर असतो. दोन्ही काचांच्या मध्ये केसापेक्षाही कितीतरी बारीक फट ठेवायची आणि तिच्यात लिक्विड क्रिस्टल भरायचं. वीज दिली की त्या द्रवाचे रेणू वळतात आणि काच काळी होते. वीज काढली की पुन्हा पारदर्शक. म्हणजे प्रकाशाला लावलेली झडपच, जिला बिजागरी नाही.

“मंग यात तुयं काय काम?” तिनं विचारलं.

“ही झडप मरते, ती मरू नये म्हणून.”

कारण ती फट फार अरुंद असते. मध्ये एखादा धुळीचा कण अडकला, किंवा बाहेरून विजेचा एक झटका आला, तर वीज फट ओलांडून थेट पलीकडे उडी मारते. तो न दिसणारा थर तेवढ्या जागी जळतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिथे पानं झडलेल्या झाडासारखी एक तपकिरी खूण असते. मी अशा मेलेल्या झडपा रोज बघायचो. त्या थरावर विजेला अडवणारा दुसरा एक पातळ लेप चढवायचा, हे माझं काम. लेप जाड झाला तर विजेचा सगळा दाब तोच खाऊन टाकतो आणि काच धड काळी होत नाही. पातळ झाला तर त्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि वीज नेमकी तिथूनच घुसते. माझी ती सगळी वर्षं या दोन टोकांच्या मध्ये गेली.

ताईनं ऐकून घेतलं. “म्हणजे तू काचेले रंग मारते,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो.

नंतर तिनं नागपूरच्या बाजारातून आपणहून एक हेल्मेट आणलं, ऑटो डार्क म्हणतात ते. डोक्यावर चढवायचं आणि विसरून जायचं. साधी असताना काच हिरवट आणि स्वच्छ, ठिणगी पेटली की पापणी लवायच्या आत काळी. दोन्ही हात मोकळे. मी गावी आलो तेव्हा तिनं ते माझ्या हातात ठेवलं. मी हेल्मेटच्या खिडकीतली काच उन्हासमोर धरली, समोर गॅसचा लायटर टिचकावून पाहिला, आणि तिला म्हटलं, “ताई, मी करतो ते हेच.”

ती हेल्मेटकडे बघत राहिली. “तुया रंगाची काच?”

“माझी नाही. पण जात तीच.”

त्या दिवशी तिनं आईलाही ते घालायला लावलं. आई हेल्मेट घालून अंगणात उभी राहिली, ताईनं रॉड पेटवला, आणि आई म्हणाली, “अवो, आत तं अंधार पडला.” एवढ्या आनंदात मी त्या दोघींना पुन्हा पाहिलेलं नाही.

पुढे गावात स्टीलच्या रेलिंगची आवड आली. ज्यानं त्यानं जिन्याला, गॅलरीला चकाकणारा पाइप लावायला घेतला. साध्या रॉडनं तसलं बारीक काम जमत नाही. ताईनं जुनी टिग मशीन घेतली. आर्गन वायूचं नळकांडं जोडलेली ही मशीन धातूला न टेकवता, एका जोरदार विजेच्या झटक्यानं ठिणगी पेटवते. ते काम तिच्या हाताला चांगलं बसलं. मग विहाराच्या कमिटीनं नव्या पायऱ्यांना आणि व्हरांड्याला रेलिंग करायचं काम तिलाच दिलं. बाबासाहेबांच्या जयंतीला लोक त्या पायऱ्या चढतील आणि रेलिंगला धरतील, ते तिनं केलेलं असेल, याचा तिला फार अभिमान होता. त्या दिवसांत ती पायऱ्यांची मापं पुन्हा पुन्हा घेऊन यायची.

मी तेव्हा प्रबंधाच्या शेवटच्या प्रयोगांत अडकलो होतो. गावी येणं कमी झालं होतं, आणि फोनवर ताई कामाचं चांगलंच सांगायची.

एकदा कमिटीतल्या एका काकांचा मला फोन आला. आधी त्यांनी तब्येत विचारली, पाऊस विचारला. मग चाचरत म्हणाले, “बापू, एकदा गावी येऊन जाजो. तुया बहिणीचं लक्ष नाई लागून राह्यलं. उभे पाइप खुणेवर बसून नाई राह्यले.”

मी पुढच्या शनिवारी गेलो. ताई विहाराच्या पायरीवर बसली होती. समोर आडवा पाइप आणि त्यावर खडूची रेघ. मी सांगितलं, काकांचा फोन आला होता. ती चिडली नाही. म्हणाली, “ये, इथं बस. ही रेघ पाह्य.”

मी पाहिली. सरळ होती.

“मले वाकडी दिसते. मधात पोट आल्यावानी. आन मी नीट पाह्याले गेली की मधातली गायबच होते.”

“केव्हापासून?”

“बरेच दिवस झाले. मले वाटलं चष्मा लागला असन.”

“डोळे दुखत होते?”

“नाई ना. तेच तं. आलू ठेवायचं कामच नाई पडलं.”

मी तिला वर्ध्याला घेऊन गेलो. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी थेंब टाकून बराच वेळ पाहिलं, पडद्याचा फोटो काढला. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही सूर्याकडे बघितलं होतं का? ग्रहणात वगैरे?”

“नाई.”

“काम काय करता?”

“वेल्डिंग.”

डॉक्टरबाईंनी फोटो आमच्याकडे वळवला. डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्ये, ज्या जागेनं माणूस वाचतो आणि समोरच्याचा चेहरा ओळखतो, तिथे एक छोटा डाग होता. दोन्ही डोळ्यांत. त्या म्हणाल्या, ही जागा तीव्र उजेडानं भाजली आहे, एकदा नाही, पुष्कळदा, थोडी थोडी. काहींना पुढे काही महिन्यांत थोडं सुधारतं. ठिणगीसमोर मात्र आता जायचं नाही.

“पण हेल्मेट घालूनच करत होती मी,” ताई म्हणाली. “रोज.”

मी हेल्मेट नागपूरला नेलं आणि उघडलं. त्या काचेत एकामागे एक अशा दोन झडपा असतात. दोन्ही मिळून पुरता अंधार करतात. त्यातली एक मेलेली होती. कडेला, जोडणीच्या तारेजवळ, सूक्ष्मदर्शकाखाली ते झाड दिसलं, पानं झडलेलं. टिग मशीनचा ठिणगी पेटवायचा झटका कधीतरी हवेतूनच त्या तारेत आणि तिथून आत शिरला होता. आत त्याला अडवणारं काहीच नव्हतं, ना लेप, ना झटका गिळणारा एखादा सुटा भाग. स्वस्तातल्या मालात ते घालतच नाहीत.

दोन्ही झडपा मेल्या असत्या तर ताईला पहिल्याच ठिणगीला कळलं असतं. एकच मेली होती. काच काळी व्हायची, फक्त पुरेशी नाही. आणि पुढच्या बाजूला असलेला साधा गाळणीचा थर शाबूत होता. डोळ्यांत रेती घालतात ते न दिसणारे किरण तोच थर अडवतो. त्यामुळे तिला एकदाही दुखलं नाही. दुखवणारे किरण बाहेर राहिले आणि दिसणारा उजेड आत जाऊन तिचा डोळा भाजत राहिला. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मले तं बरंच वाटलं होतं. सांधा लय साफ दिसून राह्यला होता.”

ही गोष्ट मी आमच्या सरांना सांगितली. सर चांगले माणूस आहेत. त्यांनी बहिणीची चौकशी केली. मग म्हणाले, “प्रस्तावनेत हा मुद्दा घे. आपण हे काम का करतो ते यातून कळेल.” मी घेतला. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य आहे, की झडपेतल्या अंशतः बिघाडामुळे वापरणाऱ्याच्या दृष्टीला धोका संभवतो. त्या वाक्यात ताई कुठेच नाही. तिला तिथे कसं आणायचं मला कळलं नाही, आणि आणून काय झालं असतं तेही.

डॉक्टरबाईंनी सांगितलेले महिने आम्ही वाट पाहिली. ताई दुकान उघडून बसायची, गिऱ्हाइकांना दुसऱ्या दुकानात पाठवायची. रोज सकाळी दाराच्या चौकटीकडे बघून ती सरळ दिसते का ते तपासायची. आई तिच्या तोंडाकडे बघायची. ताई नकारार्थी मान हलवायची आणि चूल पेटवायला जायची.

त्या काळात मी वेड्यासारखं एक काम केलं. तिच्या हेल्मेटमधल्या दोन्ही झडपा काढल्या आणि आमच्या प्रयोगशाळेत, सरांच्या परवानगीनं, लेप दिलेल्या दोन बनवून बसवल्या. तारेच्या तोंडाशी झटका गिळून टाकणारे छोटे डायोड लावले. सोबत विजेला आवर घालणारा एक रोधक घातला. तो मोठा घेतला तर काच काळी व्हायला उशीर लागतो, म्हणून हळूहळू कमी करत आणला. हवेतून येणारा झटका अडवायला आतून धातूची पट्टी चिकटवली. मग टिगची ठिणगी अगदी जवळ पेटवून, पुन्हा पुन्हा, काचेतून जाणारा उजेड मोजला. काच प्रत्येक वेळी पूर्ण काळी झाली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे.

ते कशासाठी करत होतो, हे मी स्वतःला विचारलं नाही. तिचे डोळे सुधारले तर हेल्मेट तयार असावं, असं काहीतरी मनात असावं.

मी ते घेऊन गेलो त्या दिवशी ताईला बरं वाटत होतं. एका डोळ्यानं थोडं जास्त दिसतंय, ती म्हणाली. आई नको म्हणत होती. मीही डॉक्टरांचं सांगून पाहिलं. “एक सांधा,” ताई म्हणाली. “काच चांगली आहे ना आता? मंग?” तिनं पट्टीचे दोन तुकडे शिकंज्यात पकडले, हेल्मेट चढवलं आणि रॉड टेकवला.

ठिणगी सांध्याच्या शेजारी पेटली. तिनं रॉड उचलला, पुन्हा टेकवला. या वेळी पलीकडे. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघत तिनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला. कोऱ्या लोखंडावर तीन ठिपके उमटले, सांधा तसाच राहिला.

तिनं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. “अंधार पक्का पडते,” ती म्हणाली. “चांगलं केलं तू.”

“ताई, झटका आत शिरू नये म्हणून मी तिथे...”

“मले समजलं, बापू. तू तवाही समजून सांगितलं होतं, आताही सांगितलं. पण समजून मी काय करू?”

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता. ती उठली, मशीनचा खटका बंद केला, आणि ग्राइंडरवर साचलेली धूळ पदरानं पुसत बसली.

विहाराचं उरलेलं रेलिंग पुलगावच्या एका कारागिरानं पूर्ण केलं. वाईट केलं नाही. त्याचे सांधे ताईपेक्षा जाड आहेत, पण ते फक्त आम्हालाच कळतं. जयंतीला ताई पायऱ्या चढली, वंदना घेतली, सगळ्यांशी बोलली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही.

टिग मशीन सिंदी रेल्वे गावच्या एका माणसानं विकत नेली. तो गाडी घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. त्याला सांगितलं, हेल्मेटची काच अधूनमधून तपासून घ्या. उजेड थोडा जरी जास्त वाटला तरी बदला. दुखत नाही म्हणून थांबू नका. त्यानं नीट ऐकलं, मान डोलावली. पण त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलेलं त्याचं हेल्मेट ताईच्या पहिल्या हेल्मेटसारखंच होतं. मी त्याला ते बदलून मी दुरुस्त केलेलं ताईचं हेल्मेट न्यायला सांगितलं. तो म्हणाला, “हे तं नवीनच आहे, सर.” मग गाडी निघून गेली.

मला पीएच.डी. मिळाली. त्याच प्रयोगशाळेत पुढच्या प्रकल्पावर नोकरीही मिळाली. घरी पैसे पाठवतो. ताईला नागपूरला येऊन राहायला सांगितलं. ती म्हणाली, तिथं मी कोणाच्या दारात बसू.

ती आता आईसोबत मजुरीला जाते. कापूस वेचताना मधलं दिसलं नाही तरी चालतं. बोंडं पांढरी असतात, कडेनं दिसतात, हात आपोआप जातो. आईनं वावरात जाणं केव्हाच सोडलं होतं, गुडघे राहिले नव्हते. ताईसाठी ती पुन्हा निघाली. बांधावरून चालताना आई पुढे असते आणि ताई तिच्या लुगड्याच्या रंगामागे चालते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बांधाच्या अलीकडेच थांबलो. मला पुढे जाववलं नाही.

बोलताना ती आता माझ्या कानाकडे बघते. सरळ बघितलं तर माझा चेहरा नाहीसा होतो, म्हणून. नवख्या माणसांना वाटतं हिचं लक्ष दुसरीकडेच आहे, आणि ते बोलणं आवरतं घेतात. गावातलेही काही तसं करू लागलेत. तिनं ते ओळखलं आहे. ती लोकांत कमी जाते.

फोन मात्र तीच लावते, बहुतेक रविवारी. मागच्या वेळी आईच्या गुडघ्यांचं बोलून झालं, सोयाबीनचं झालं, मग म्हणाली, “तुया त्या काचेचं काय चालू आहे?”

मी सांगितलं, नवा लेप जमलाय. झटक्यावर झटके देतोय, पण झडप मरत नाही.

“म्हणजे टिकते आता?”

“टिकते.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग आईनं तिला हाक मारली, आणि तिनं फोन ठेवला.